पर्समधले रिव्हॉल्व्हर आणि आपली सुरक्षितता

"बायकांनाही पिस्तुलाचे परवाने द्या, मग बघू कोण अंगाला हात लावतो ते!" अत्याचाराची एखादी भयंकर बातमी आली की हे वाक्य सभेत, लोकलच्या डब्यात, स्वयंपाकघरात, कुठेही ऐकू येते. त्यामागचा संताप खरा आहे आणि तो आपलाही आहे. म्हणूनच ही मागणी हसण्यावारी नेऊन किंवा 'हिंसा वाईट' एवढेच म्हणून बाजूला सारता येणार नाही. तिचा नीट विचार करायला हवा.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला आणि देश रस्त्यावर आला. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. नाव कशावरून सुचले हे सांगायला नको. .३२ बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूची बांधणी, वजन सुमारे अर्धा किलो. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. दागिन्यांची असावी तशी मरून रंगाची पेटी. बाईच्या पर्समध्ये सहज मावेल, असे त्याचे कौतुक झाले. पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीने .२२ बोअरचे, त्याहूनही हलके 'निडर' काढले.

अशा हलक्या रिव्हॉल्व्हरचे काही फायदे आहेत, ते मान्य करू. जड हत्यार घरी कपाटातच राहते. हलके सोबत नेले जाते. रिव्हॉल्व्हरची रचना साधी असते. पिस्तुलात गोळी अडकली तर ती काढण्याची खटपट करावी लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरून पुढची गोळी समोर येते. एकट्या वस्तीवर राहणारी शेतकरी बाई, धमक्या येणारी वकील किंवा कार्यकर्ती, रोख रक्कम घेऊन एकटी प्रवास करणारी दुकानदार, यांना अशा हत्याराचा आधार वाटला तर त्यात वावगे काय? "बाईला बंदूक झेपणार नाही" हे म्हणणे तर आपण मुळीच ऐकून घेणार नाही. सरावाने जे पुरुषाला जमते ते बाईला जमते.

पण झेपण्याचा प्रश्न बाईच्या ताकदीचा नसून त्या यंत्राचा आहे. तीच गोळी निम्म्या वजनाच्या हत्यारातून सुटली की हाताला बसणारा धक्का साधारण दुप्पट वेगाने येतो. नळी आखूड, त्यामुळे नेम धरायला जागा थोडी. चाप ओढायला चार-पाच किलोंचा जोर लावावा लागतो आणि हत्यार असते अर्ध्या किलोचे; म्हणजे चाप ओढतानाच ते हलते. बाळगायला सर्वांत सोपे हत्यार चालवायला सर्वांत अवघड, अशी ही गोष्ट आहे. ते वापरायचे तर नियमित सराव हवा. सरावासाठी मैदान, काडतुसे, वेळ आणि पैसा हवा. घर, नोकरी, पाणी, मुलांच्या शाळा यांतून हा वेळ किती जणी काढू शकतील?

शिवाय हत्यार पर्समध्ये. हल्ला होतो तेव्हा हल्लेखोर हातभर अंतरावर असतो. चेन उघडायची, किल्ल्या-रुमालातून हत्यार शोधायचे, बाहेर काढायचे, तोवर पर्सच ओढली गेली असेल तर? मग तेच हत्यार त्याच्या हातात. पर्स ही घरात कुठेही टेकवली जाणारी वस्तू आहे, हेही विसरू नये. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधले पिस्तूल काढले आणि त्याच्या हातून सुटलेल्या गोळीने ती आई जागीच गेली. ती पर्स हत्यार बाळगण्यासाठीच बनवलेली होती.

कायदा काय म्हणतो? खासगी संरक्षणाचा हक्क आपल्याला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो आहे. बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या किंवा ॲसिड फेकण्याच्या हेतूने झालेल्या हल्ल्यात हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ बाईला संरक्षण देते. मात्र गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि गरज किती होती हे नंतर कोर्टात ठरते. परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली घ्यावा लागतो. शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी तो देतात. ज्या पोलीस ठाण्यात बाईची साधी तक्रार लिहून घ्यायला टाळाटाळ होते, त्याच ठाण्याचा अहवाल तिच्या परवान्यासाठी लागतो!

आता सर्वांत महत्त्वाचे. हे रिव्हॉल्व्हर कोणावर रोखायचे? जाहिरातीतला हल्लेखोर अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी पुरुष असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे वेगळेच सांगतात: बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. स्त्रियांवरील नोंदलेल्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, जवळपास एक-तृतीयांश, नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा आहे. ज्या घरात बाईचा पगार तिच्या हातात राहत नाही, तिथे तिचे रिव्हॉल्व्हर तिच्या हातात राहील? त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असेल?

अमेरिकेत बायकांसाठी खास म्हणून रिव्हॉल्व्हर विकली गेली. पण तिथल्या अकरा शहरांतील खुनांचा अभ्यास जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केला, त्यात दिसले ते असे: छळणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक लागू शकत असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाच पटींहून अधिक वाढतो. बंदूक घरात आली की ती घरातल्या बलवानाची होते.

आणि आपल्या महाराष्ट्रातले मथुरा प्रकरण आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिथे हत्यारे होती, पण ती पोलिसांची होती. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे ठरले. म्हणजे सिद्धतेचा भार बाईच्या खांद्यावरून खाली उतरला. 'निर्भीक' नेमके उलटे करते. सुरक्षिततेची जबाबदारी सरकार तिच्या पर्समध्ये टाकते, तीही सव्वा लाख रुपये घेऊन. उद्या विचारले जाईल, "रात्री बाहेर पडलीस, मग रिव्हॉल्व्हर का नव्हते घेतले?"

म्हणून आमची भूमिका अशी. ज्या बाईला खरा धोका आहे आणि परवाना हवा आहे, तिला पुरुषाला विचारत नाहीत असा एकही जादा प्रश्न विचारू नये. पण बायकांना हत्यारे द्या ही चळवळीची मागणी असू नये. आपली मागणी आधी पुरुषांच्या हत्यारांविषयी हवी. शस्त्र कायद्याच्या कलम १७ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित किंवा रद्द करता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र संरक्षण आदेश निघाला की नवऱ्याचे शस्त्र आपोआप जमा व्हावे अशी तरतूद नाही. ती हवी. बंदुकांच्या देशात, अमेरिकेतसुद्धा, असा आदेश असलेल्या पुरुषाला बंदूक बाळगण्यास मनाई करणारा कायदा आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०२४ मध्ये उचलून धरला.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, वस्तीत परवान्याची हत्यारे कोणाकडे आहेत? घरात भांडण झाले की ती बाहेर निघतात का? छळाची तक्रार देणाऱ्या बाईला ठाण्यात "घरात शस्त्र आहे का?" हा साधा प्रश्न तरी कोणी विचारते का? तिच्या अर्जात ही माहिती आवर्जून लिहायला लावा, कलम १७ चा उल्लेख करून जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्या, आणि काय उत्तर आले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात या अनुभवांना जागा राखून ठेवली आहे.

– संपादक मंडळ