जिद्द पुरे, उतार मोजा

मराठीत 'घात' म्हटले की तो करणारा कोणीतरी असावा लागतो. त्याला 'अप' जोडला की करणारा नाहीसा होतो. आम्हाला आमच्या एका पडण्याविषयी लिहायचे आहे, आणि त्याला अपघात म्हणण्यास आमची हरकत आहे.

आम्ही गेली पंधरा वर्षे चाकांच्या खुर्चीवर आहोत. गेल्या पावसाळ्यात हयातीचा दाखला देण्यासाठी जालना जिल्ह्यातील एका सरकारी कचेरीत गेलो होतो. निराधार अनुदान घेणाऱ्याला आपण जिवंत असल्याचे दर वर्षी सिद्ध करावे लागते. कचेरीच्या दाराशी तीन पायऱ्या, उंची दीड फूट. बाजूला उतार होता, हे मान्य केले पाहिजे. पण तो जेमतेम सहा फूट लांब, वर गुळगुळीत फरशी, आणि कठडा नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांतील प्रमाण आहे. म्हणजे येथे अठरा फूट हवे होते. निम्म्यावर पुढची लहान चाके उचलली गेली आणि खुर्ची आमच्यासह मागे उलटली.

आमच्या पायांना संवेदना नाही. त्यामुळे मांडीचे हाड मोडल्याचे आम्हाला कळलेच नाही. संध्याकाळी पाय सुजला, ताप चढला, तेव्हा ध्यानात आले. लोक धावून आले होते, त्यांनी उचलले, पाणी दिले. त्यांच्या मायेविषयी तक्रार नाही. पण जो तो एकच विचारत होता : "एकटे कशाला आलात? सोबत कुणाला आणायचं ना!" उताराकडे कोणी पाहिले नाही. पुढे केसपेपरवर नोंद झाली तीही 'खुर्चीवरून पडून' अशीच.

हा दोष केवळ त्या कचेरीच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या वाचनाच्या सवयीतही त्याचे मूळ आहे. आपल्या गौरवलेखांत अपघात पहिल्या परिच्छेदात येतो आणि उरलेल्या मजकुरात जिद्द. जणू खुर्चीवरच्या माणसाच्या वाट्याचे सगळे अपघात एकदाच होऊन संपले! सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या अनुवादासाठी सोनाली नवांगुळ यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार २०२१ साली जाहीर झाला. त्यांच्याविषयी बोलताना मात्र आपण आधी बालपणी अंगावर पडलेली बैलगाडी सांगतो, मग पुस्तक. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' वाचून आपण भारावतो. पण त्या खुर्चीला आपल्या गावात कोठे कोठे जाता येईल, हे पाहायला उठत नाही.

जिद्दीचे कौतुक करण्यात सर्वांचीच सोय आहे. चढणाऱ्याची जिद्द थोर ठरली की चढ बांधणाऱ्याला जाब विचारावा लागत नाही.

कायदा जिद्दीविषयी काही म्हणत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम जून २०१७मध्ये निघाले. मुदत जून २०२२मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतुरी यांच्या २००५पासून चाललेल्या याचिकेत, सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतील पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याला बंधन अपेक्षित होते, नियमाने नुसती शिफारस ठेवली होती. तीन महिन्यांत सक्तीची मानके करा, असे न्यायालयाने केंद्राला बजावले.

कोणी म्हणेल, पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हे लाड कशाला? त्यांना आमचे सांगणे असे की, खर्च तर झालाच होता. सिमेंट, फरशी, मजुरी, सारे लागले होते. जागा अपुरी असती तर मध्ये सपाट टप्पा घेऊन उतार वळवता आला असता. कठड्याला लोखंड हवे म्हणाल, तर जालन्याच्या कारखान्यांतली सळई राज्यभर जाते. उणीव होती ती एवढीच, की ज्याला त्यावरून जायचे त्याला बांधण्यापूर्वी कोणी विचारले नाही. तो उतार आमच्यासाठी नव्हताच. 'उतार आहे' असे कागदावर लिहिता यावे यासाठी होता.

तेव्हा वाचकहो, एखाद्या सभागृहात आमच्यासारख्या कोणाचा सत्कार करायला पुढच्या वेळी जमाल, तेव्हा शालीबरोबर मोजपट्टीही न्या. व्यासपीठाला पायऱ्या किती, ते आधी मोजा. सत्कारमूर्तीला चौघांनी उचलून वर नेले, तर टाळ्या वाजवू नका.