पायघड्यांच्या वाटेवरील अनवाणी पावले

आषाढी वारीत जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाजातील मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. पुढे बेलवाडी आणि इंदापूर येथे अश्व धावतात. या साऱ्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणारे, त्यांच्या तुटलेल्या वहाणा विनामूल्य शिवून देणारे हात दिसतात. चालणाऱ्या पावलांचे मोल या मातीला कुणी शिकवावे, अशी स्थिती नाही.

मात्र वारीनंतर चार महिन्यांनी याच परिसरात दुसरी पावले येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे येऊन कोप्या उभारतात. आई-बाप पहाटेच कोयता घेऊन फडात उतरतात. त्यांच्यामागे मुले फिरतात. तोडलेल्या उसाच्या टोकदार बुडख्यांतून, धारदार पाचटातून, अनेकदा अनवाणीच. पायाची जखम निदान दिसते. न दिसणारा शत्रू शौचाने दूषित झालेल्या ओल्या मातीत असतो. अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरते, पुढे आतड्यात राहून रक्त शोषते. मूल पांढुरके पडते, अभ्यासात मागे राहते. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, मुलांना गोळी दिली जाते. पण गोळी घेतलेले मूल पुन्हा अनवाणी त्याच मातीत उतरले, तर रोगाचे दार उघडेच राहते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. त्यासाठी प्रतिविद्यार्थी १७० रुपयांची तरतूद केली. परंतु ऊसतोड मजुराच्या मुलाचे नाव कित्येकदा गावाकडच्या शाळेच्या पटावर असते आणि पाय इंदापूरच्या फडात. योजना पटापर्यंत पोहोचते. पायापर्यंत माणसालाच जावे लागते.

येथेच सेवाभावी संस्थांचे आणि त्यांच्यासोबत उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. धान्य कोणत्याही घरी शिजते, चादर कोणालाही पुरते; पादत्राणाला मात्र त्याच मुलाचे माप लागते. ते घेण्यासाठी कोपीसमोर जमिनीवर बसावे लागते, मळलेले पाऊल हातात धरून कागदावर रेघ ओढावी लागते. वाढत्या पायासाठी बोटभर जागा सोडावी लागते, आणि पुढच्या हंगामात पुन्हा जावे लागते, कारण तोवर तो पाय मोठा झालेला असतो. माप न घेता वाटलेले जोड चार दिवसांत कोपीच्या कोपऱ्यात पडतात. छायाचित्र तेवढे कार्यालयात राहते.

देण्याची रीतही महत्त्वाची. १९९९ मध्ये ‘गूंज’ ही संस्था सुरू करणाऱ्या अंशु गुप्ता यांनी वस्त्रदानातील दयेचा भाव काढून तेथे घेणाऱ्याचा सन्मान आणला. श्रमाचा मोबदला म्हणून वस्त्र देण्याची पद्धत रुजवली. ‘ग्रीनसोल’ या संस्थेने टाकून दिलेल्या बुटांपासून नव्या चपला घडवून मुलांना देण्याचा मार्ग दाखवला. जुने द्यायचे तर ते नवे करून द्यावे, हा त्यातील विवेक आहे. आपल्या घरातील झिजलेले, तळ सुटलेले जोड पिशवीत भरून देणे हे दान नव्हे, अडगळ काढणे होय.

बारामती-इंदापूरच्या साखरेचा गोडवा ज्या कष्टांतून येतो, त्या कष्टकऱ्यांच्या मुलांचे आपण देणे लागतो. हंगाम सुरू होताच प्रत्येक वस्तीने आपल्या शिवारातील कोप्या मोजाव्यात, मुलांची मापे घ्यावीत. सुशिक्षित कुटुंबांनी आपल्या मुलांनाही सोबत न्यावे. पालखीसाठी पायघड्या अंथरणाऱ्या समाजाला हे अवघड नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की त्यासाठी आपण खाली वाकणार का?