जुना ट्रॅक्टर, जाणते हात

कांद्याची लागवड तोंडावर आली की जुन्नर-आंबेगावात जुने एचएमटी ट्रॅक्टरही वावरात उतरतात. ते बनवणारा हरियाणातल्या पिंजोरचा एचएमटी ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्राने २०१६ मध्ये मंजुरी दिली. पण चालती गाडी मोडीत का काढायची? तिची निगा आपल्यालाच राखता यायला हवी. डिझेल संपून लाइनीत हवा धरली, तर फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. ऑइल बाथ एअर क्लीनरमधला गाळ काढून खुणेपर्यंतच तेल भरा. धूळ आत गेली की लायनर-पिस्टन झिजलेच. नारायणगाव-मंचरच्या जुन्या मिस्त्रींची ही विद्या तरुण शेतकऱ्यांनी पाना हाती घेऊन शिकावी, यासाठीच हा अंक.