टॉकीज कुणाची?

कोल्हापुरात रिक्षावाल्याला ‘उमा टॉकीज’ एवढं म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. त्या चौकात उतरणाऱ्या सगळ्यांनाच काही पिच्चर बघायचा नसतो. कुणी दवाखान्यात निघालेला असतो, कुणी पाहुण्यांकडे.

परवा एका इंग्रजीच्या जाणकारांनी ऐकवलं, “टॉकीज म्हणजे इमारत नव्हे हो!” त्यांचं खरं आहे. ‘मूव्ही’च्या चालीवर 1913 च्या सुमारास ‘टॉकी’ निघाला, तो बोलणाऱ्या चित्राचं लाडकं नाव म्हणून. 1927 च्या ‘द जॅझ सिंगर’नं तो सगळीकडे गाजवला. पण थोड्याच वर्षांत सगळेच सिनेमे बोलू लागले, मग बोलका म्हणून वेगळं कशाला सांगायचं? तिकडे आता तो सिनेमाच्या इतिहासात भेटतो, नाहीतर पोलिसांच्या वॉकीटॉकीत.

आपल्याकडे 14 मार्च 1931 ला मुंबईत ‘आलम आरा’ हा बोलका सिनेमा लागला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ आणला. मराठीतला हा पहिला बोलपट. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच; तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, त्याच गावात पडदा मराठी बोलू लागला.

माझा तर्क असा, की सिनेमाला ‘बोलपट’ हा घरचा शब्द मिळाल्यावर ‘टॉकी’ला त्या जागी कामच उरलं नाही. ‘थिएटर’वर नाटकवाल्यांचा हक्क आधीचा, शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 चं. तेव्हा बोलपट दाखवणाऱ्या इमारतीला ‘टॉकीज’ हे नाव चिकटलं. इंग्रजीतलं अनेकवचन इथं एकवचन झालं, वर स्त्रीलिंगीही: ती टॉकीज. (व्याकरणाची परवानगी कुणी मागितली नाही, हे बरंच झालं.)

म्हणून हा वापर चुकीचा ठरवणं मला पटत नाही. मूळ इंग्रजी असलं तरी अर्थ, लिंग, वचन सगळं आपलं आहे. कोशात तो मराठी शब्द म्हणूनच यायला हवा. तुमच्या गावात टॉकीजच्या नावानं ओळखला जाणारा चौक किंवा बसथांबा असेल, तर जरूर कळवा.