पपनस म्हणायला हरकत काय?

गेल्या महिन्यात एका छोट्या स्पर्धेत मी परीक्षक होतो. नऊ पेल एल, चार परीक्षक, ग्लासांवर फक्त आकडे. आठवड्याभराने पाचव्या क्रमांकाची बिअर बनवणारा तरुण ब्रुअर आपले चारही तक्ते घेऊन आमच्या कार्यालयात आला. गुण होते ३३, ३४, ३४ आणि ३५. चार जिभांचं इतकं जुळलं म्हणजे परीक्षण चोख झालं, असंच कोणीही म्हणेल. त्याने तक्ते टेबलावर पसरले आणि विचारलं, "सर, चौतीस मिळाले, आनंद आहे. उरलेले सोळा कुठे गेले?"

शेरे वाचले. 'वेल बॅलन्स्ड.' 'गुड हॉप अरोमा.' 'सिट्रसी, क्लीन फिनिश.' चौथ्यावर नुसतंच 'नाइस'. यातलं 'सिट्रसी' माझं. सोळा गुणांचा हिशेब मला देता आला नाही. चहा मागवला आणि विषय बदलला.

आपण सगळे जो तक्ता वापरतो तो मुळात बीजेसीपीचा, म्हणजे १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या परीक्षक-प्रमाणन संस्थेचा. ५० पैकी वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण परिणामाला १०. ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. रूपाला तीनच गुण! फोटोत सुंदर दिसणारी बिअर त्या तिनापलीकडे काही कमावू शकत नाही, हे आपल्या मार्केटिंगवाल्यांना एकदा फळ्यावर लिहून दाखवलं पाहिजे. पण त्याच तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी चार-पाच ओळींची मोकळी जागा असते आणि आपण ती रिकामी ठेवतो. ब्रुअरला आकड्याचा उपयोग भिंतीवर प्रमाणपत्र लावण्यापुरता. पुढची टाकी तो त्या ओळींवरून सुधारतो.

ओळी रिकाम्या का राहतात? आळस हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं की आपल्याला वास येतो, पण तो परक्या शब्दांत सांगायचा असतो, आणि ते शब्द आपल्या नाकाला कधी लागलेलेच नसतात.

आजची अमेरिकन पेल एल ज्या हॉपवर उभी राहिली तो कॅस्केड ऑरेगनमधल्या सरकारी पैदास कार्यक्रमातून १९७२ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेवाडाने १९८० मध्ये आपली पेल एल काढली, आणि त्या हॉपचा वास म्हणजेच या प्रकारच्या बिअरची ओळख ठरली. तिथल्या लोकांनी त्या वासाला दोन शब्द दिले: ग्रेपफ्रूट आणि पाइन. त्यांच्या दृष्टीने ते अगदी साधे शब्द. एक सकाळच्या न्याहारीच्या ताटलीतला, दुसरा घरामागच्या झाडाचा. म्हणजे त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून आणि परसातून शब्द उचलले. आपण मात्र त्यांच्या परसात जाऊन हुंगायचा प्रयत्न करतो.

ग्रेपफ्रूट ही संत्रं आणि पपनस यांच्या संकरातून झालेली जात. गणपतीच्या दिवसांत ज्याने पपनस सोललं आहे, ती जाड पांढरी साल नखाने उचकटताना उडणारा तेलकट फवारा ज्याच्या बोटांना लागला आहे, त्याला कॅस्केड ओळखायला काहीच अडचण नाही. त्याने तक्त्यावर 'पपनसाची साल' लिहावं. 'सिट्रसी' लिहून तो ब्रुअरला काहीच कळवत नाही, कारण लिंबू, ईडलिंबू, मोसंबी, संत्र्याची फोड आणि संत्र्याची साल हे सगळंच त्या एका शब्दात येतं. साल आणि फोड यांत तर टाकीच्या कामाचा फरक आहे. एखाद्या बिअरला गर असलेल्या फळाचा वास येतो, एखादीला नुसत्या सालीचा. ब्रुअरला हॉप कधी घातला आणि किती दिवस ठेवला ते तपासायला एवढी खूण पुरते.

सिट्रा किंवा मोझेक वापरलेल्या पेल एलबद्दल परीक्षक 'ट्रॉपिकल' लिहून मोकळे होतात. उष्ण कटिबंधात राहणाऱ्या माणसाने 'ट्रॉपिकल' लिहावं याला काय म्हणावं! मंडळी, कुठलं फळ? फोडलेला गुलाबी पेरू की हिरवा करकरीत? कैरी की अढीतला आंबा? आणि अढीतला म्हणजे पहिल्या दिवशीचा, की पेंढा उबून वास खोलीभर झाल्यावरचा? कापा फणस की बरका? आमच्या ओळखीच्या एका टाकीघरातला कामगार, ज्याला इंग्रजी शेरे वाचताही येत नाहीत, त्याने एका बॅचबद्दल 'पेरू आहे, पण कालचा चिरलेला' असं सांगितलं. त्या बॅचमध्ये पॅकिंगच्या वेळी हवा शिरली होती, हे मोजमापानंतर कळलं. त्या दिवशी टेबलावर बसलेल्या आम्हा तिघांना ते ओळखता आलं नव्हतं.

चवचक्र नावाची गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मॉर्टन मायलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बिअरच्या वासा-चवींचं ते चक्र मांडलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांना एक समान भाषा मिळाली. त्याचं मोल मोठं आहे. तरीही त्याच्या काही पाकळ्या आपल्याकडे मुक्या राहतात. उन्हाने बिघडलेल्या बिअरला 'स्कंकी' म्हणायचं. स्कंक हा प्राणी आपल्यापैकी किती जणांनी हुंगलाय? त्यापेक्षा आपली पेल एल दोन स्वच्छ काचेच्या ग्लासांत ओता, एक फडताळात ठेवा आणि दुसरा गच्चीत उन्हात. पंधरा मिनिटांनी दोन्ही हुंगा. प्रकाशाने हॉपचं कडू द्रव्य तुटतं आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. तो वास एकदा नाकात बसला की तुम्ही त्याला काहीही नाव द्या. टेबलावरच्या चौघांनी तेच नाव वापरलं म्हणजे झालं.

आता लोण्याची गोष्ट. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबतो. डायॲसिटिलचा वास लोण्यासारखा, नेमकं सांगायचं तर मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नसारखा. अमेरिकन पेल एलमध्ये तो दोष. पण ज्या घरात लोणी कढवताना सगळं घर स्वयंपाकघराकडे वळतं, त्या घरातलं नाक या वासाला दोष म्हणायला सहजी तयार होत नाही. 'माल्टी', 'रिच', 'छान गोडसर' असे शेरे मी अशा बिअरवर वाचले आहेत. नाकाचा यात काही गुन्हा नाही, वास त्याने बरोबर पकडला होता. त्याला फक्त सांगायला हवं की लोणी वाटलं तर लोणी लिही, बरं-वाईट नंतर ठरवू.

हा दोष आपल्याकडे वाढतोय, कारण आपण ड्राय हॉप जास्त आणि उशिरा घालायला लागलो. हॉपबरोबर येणारी एन्झाइम बिअरमधल्या न आंबणाऱ्या डेक्स्ट्रिनची साखर करतात, झोपलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं आणि डायॲसिटिलचा कच्चा माल नव्याने बनतो. घाईत टाकी थंड केली की तो तिथेच अडकतो. टाकीवर चाखलेली बिअर स्वच्छ लागते आणि केगमध्ये पंधरा दिवसांनी पॉपकॉर्न येतो. यावरची चाचणी स्वस्त आहे: नमुन्याचे दोन भाग करा, एक झाकून ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, मग दोन्ही सारखे गार करून शेजारी शेजारी हुंगा. गरम केलेल्यात लोणी आलं तर टाकी थंड करू नका, थांबा. काही माणसांना हा वास येतच नाही. तुम्ही त्यांतले असाल तर त्यात कमीपणा नाही, पण ही चाचणी दुसऱ्याकडून करून घ्या.

आणि हे सगळं २ अंशांच्या बिअरमध्ये कोणालाही येणार नाही. पेल एल साधारण ७ ते १० अंशांवर परीक्षकासमोर यायला हवी. आपल्याकडे ग्लाससुद्धा बर्फात ठेवून गोठवतात, पाहुणचार म्हणून! गोठलेल्या काचेवर फेस मोडतो, पाणी साचतं, आणि थंडीने हॉप व दोष दोन्ही एकाच चादरीखाली झोपतात. त्या दिवशी आमच्या टेबलावर ग्लास आले तेव्हा काच हाताला चटका देत होती. मी पाचव्या बिअरला दोनच घोट देऊन पुढे गेलो. नंतर तिचा उरलेला नमुना मी मुद्दाम मागून घेतला होता. तो तासाभराने चाखला तेव्हा आधी पपनसाची साल आली, मग ओलं गवत, आणि गिळल्यावर नाकातून परत फिरलेल्या हवेत लोणी. तेही थोडकं नाही. सोळातले चार-पाच गुण तिथे गेले असते, आणि ते त्याला सांगता आले असते. तक्ता मात्र तोवर जमा झाला होता.

परीक्षकाच्या खोलीबद्दल दोनच तक्रारी. पहिली अगरबत्ती. शुभकार्य म्हणून सकाळी लावतात आणि दुपारपर्यंत सगळ्या बिअरना चंदनाचा स्पर्श असतो. दुसरी मसाला पापड. दोन नमुन्यांमध्ये पाणी आणि साधा पाव पुरे.

एक मुद्दा मात्र मोठा आहे. परीक्षकाला मिळतो साठ-सत्तर मिलीलीटरचा नमुना. इतक्या घोटात जी बिअर मोठ्याने बोलते ती जिंकते: जास्त गोड, जास्त कडू, जास्त हॉप. पेल एल ही तशी बिअरच नाही. तिचा कडवटपणा साधारण ३० ते ५० आयबीयू आणि मद्यार्क ४.५ ते ६.२ टक्के एवढ्यात बसतो, कारण ती पूर्ण ग्लास प्यायची आणि मग दुसरा मागवायची बिअर आहे. आपल्या स्पर्धांमध्ये पेल एलच्या गटात दरवर्षी एखादी लपवलेली आयपीए वर चढते आणि आपण टाळ्या वाजवतो. गट निवडला असेल तर गटाप्रमाणे गुण द्या. शेवटच्या तीन बिअर पूर्ण ग्लासात मागवा, अर्धा तास द्या, आणि ग्लास कोणता आधी रिकामा झाला ते पाहा. यासाठी स्वतंत्र तक्ता लागत नाही.

आयपीएवरून आठवलं. तिच्या नावात 'इंडिया' आहे ते मुंबई-कोलकात्याकडे जहाजांतून येणाऱ्या पेल एलमुळे. आधी लंडनच्या हॉजसनच्या कारखान्यातून, आणि १८२० च्या दशकापासून बर्टनच्या ऑलसॉपकडून. ती इथल्या गोऱ्या साहेबांसाठी होती, चाखून बरी-वाईट ठरवणारी जीभही त्यांचीच. दोनशे वर्षांनी पुण्यात, डोंबिवलीत, गोव्यात ती आपण स्वतः बनवतो आहोत. शब्द मात्र अजून बोटीनेच येतात.

आणि 'सर' हा प्रश्न आहेच. आपल्या टेबलावर ज्येष्ठ परीक्षकाने ग्लास खाली ठेवताना भुवई उचलली की दोन धाकट्यांची पेनं थांबतात. ३३, ३४, ३४, ३५ असं एकमत कसं होतं ते मला आता नीट कळतं. गुणांत सातापेक्षा जास्त अंतर पडलं तर चर्चा करून जवळ यावं असा संकेत आहे. आपण अंतर पडूच देत नाही. यावर उपाय म्हणजे आधी सगळ्यांनी गप्प बसून शब्द लिहायचे, ते सर्वात धाकट्याने आधी वाचून दाखवायचे, आणि आकडा त्यानंतर. धाकट्याने 'उकडलेलं कणीस' म्हटलं आणि सरांना ते जाणवलं नसेल तर सरांनी पुन्हा हुंगावं. त्यात सरांची पत जात नाही.

पुढच्या महिन्यापासून आम्ही वाचकांच्या पेल एल मागवून इथे चाखणार आहोत. तक्त्यात गुणांचा रकाना सर्वात शेवटी असेल, आणि शेऱ्यांच्या चार ओळी भरल्याशिवाय तो भरता येणार नाही. शेरे मराठीत छापू. त्या तरुण ब्रुअरला त्याच्या बिअरचा नवा तक्ता मी गेल्या सोमवारी पाठवला, गुण ३१. नमुने पाठवताना पॅकिंगची तारीख आणि ड्राय हॉपचे दिवस लिहायला विसरू नका.