काळजीची मातृभाषा

काळजीला व्हिसा लागत नाही, हे एव्हाना आपल्यापैकी प्रत्येकाला कळून चुकले आहे. मुंबईहून निघताना आपण बॅगा तीन-तीनदा वजन करून भरतो, ऑकलंडला उतरल्यावर लोणच्याची बरणी आणि मेतकुटाची पुडी इमानेइतबारे जाहीर करतो, आणि काळजी मात्र बिनबोभाट आत येते. विमानतळावरचा तो हुंगणारा कुत्राही तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

पुढे ती आपल्याबरोबरच इथे स्थायिक होते. पुण्यात रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. त्या वेळी फोन वाजला तर छातीत धस्स होते, आणि नाही वाजला तरी जाग येतेच. मग छताकडे बघत हिशेब सुरू. घराच्या कर्जाचा दर पुढच्या महिन्यात नव्याने ठरायचा आहे, कंपनीत कोणीतरी 'रिस्ट्रक्चरिंग' हा शब्द उच्चारला आहे, बाबा फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणाले खरे, पण जरा घाईनेच म्हणाले. आता गंमत बघा. दिवसभर आम्ही इंग्रजीत गणिते करतो, इंग्रजीत भांडतो, हल्ली तर मुलांवर रागावतोही इंग्रजीतच. पण साडेतीनची काळजी अस्सल मराठीत येते. 'बाबांचं काही बरंवाईट झालं तर?' हा प्रश्न आम्हाला आजवर एकदाही इंग्रजीत पडलेला नाही.

हे आमच्या ध्यानात आणून दिले ते क्राइस्टचर्चच्या एका मावशींनी. मावशी म्हणजे आमच्या नात्याच्या नव्हेत. मूळच्या नगरच्या (आताचे अहिल्यानगर), तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती घराणे. आम्ही इथे मास्टर्स करायला आलो तेव्हा घरी बोलावून भाकरी करून घालणारी पहिली व्यक्ती त्याच, त्यामुळे ओळख झाली ती पिठल्यावर. धर्म कोणता हे नंतर कळले.

२२ फेब्रुवारी २०११ च्या दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी काय झाले ते तिथल्या कोणालाही सांगायला नको. १८५ माणसे गेली, शहराच्या मध्यावरच्या कॅथीड्रलचा मनोरा कोसळला. पूर्वेकडच्या उपनगरांत जमिनीतून राखाडी गाळ उसळून वर आला. लिक्विफॅक्शन हा आमच्या अभ्यासक्रमातला एक धडा होता. तो थेट मावशींच्या परसात अवतरला. त्यांचे घर उभे राहिले, पण खालची जमीन गेली. पुढे सरकारने ज्या सुमारे आठ हजार घरांना 'रेड झोन'मध्ये टाकले त्यांत ते एक.

पण एक मोठा धक्का माणूस कसाबसा सोसतो. जीव जातो तो नंतरच्या धक्क्यांनी. आफ्टरशॉक हजारोंच्या संख्येने आले. जमीन हलली की सगळे शहर 'जिओनेट' उघडून बघायचे आणि 'हा चार पॉइंट दोन' अशा पैजा लागायच्या. आम्ही तर भूकंप-अभियांत्रिकीच शिकत होतो. धक्क्यांची संख्या दिवसेंदिवस कशी घटत जाते त्याचे सूत्र आम्हाला पाठ होते, आणि बूट उशाशी ठेवून झोपत होतो. सूत्राने झोप आली असती तर आमच्या विभागातले प्राध्यापक ढाराढूर घोरले असते.

मावशी दर रविवारी इंग्रजी चर्चला जात. तिथली माणसे फार चांगली. फावडी घेऊन आली, गाळ उपसला, जेवणाची भांडी भरून दारात ठेवून गेली. पण रात्री प्रार्थनेला बसले की इंग्रजी पुढे सरकत नसे. मावशींचे म्हणणे असे की, इंग्रजीत आपण देवाला रिपोर्ट देतो आणि बोलणे मात्र मराठीतच होते, तेही नगरच्या मराठीत. काय बोलत? 'सगळं चांगलं कर' असे मोघम काही नाही. एकेका भीतीचे नाव घ्यायच्या. नातवाच्या शाळेचे छत. विम्याचे न आलेले पत्र. काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. शेवटी दिवसभरात जे काही धड मिळाले त्याबद्दल आभार, मग दिवा बंद. त्या काळात आम्ही काही रात्री त्यांच्याकडेच होतो, म्हणून सांगतो. धक्के थांबलेले नव्हते, विम्याचे पत्रही आलेले नव्हते, आणि बाई झोपलेल्या असत.

आम्ही चिकित्सक माणूस. याची 'मेकॅनिझम' काय, म्हणून नंतर पवित्र शास्त्र उघडले. पौलाने फिलिप्पैकरांना काळजी करू नका म्हणून लिहिले आहे, ते तो स्वतः बंदिवासात असताना. आणि पुढचा उपाय बघा: विचार करू नका, मन रमवा असे तो सांगत नाही. तुमच्या मागण्या देवाला कळवा, आभारासह कळवा, म्हणतो. थोडक्यात, मावशींची यादी. दुसरी जागा गेथशेमाने बागेची. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू व्याकूळ होतो, हा प्याला टळू दे म्हणून पुन्हा पुन्हा विनवतो. प्याला काही टळत नाही. मार्कचे शुभवर्तमान ग्रीक भाषेत आहे, पण त्या प्रार्थनेतला एक शब्द त्याने येशूच्या घरच्या अरामी भाषेतलाच ठेवला आहे: अब्बा, म्हणजे बाबा. वधस्तंभावरचा आकांतही तसाच अरामीत. आम्हाला वाटते, लिहिणाऱ्याला कळले होते की या जागी भाषांतर चालायचे नाही.

आपल्या मराठीत ही गोष्ट नेमकी ओळखली ती नारायण वामन टिळकांनी. १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोपर्यंत मराठी ख्रिस्ती उपासनेतली बरीचशी गीते इंग्रजीवरून बेतलेली आणि चालीही तिकडच्या. टिळकांनी अभंग दिला, ओवी दिली, कीर्तन दिले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत. आजही 'उपासनासंगीत' उघडले की त्यांचे नाव पानोपानी भेटते. अर्थात हा पूल त्याहून जुना आहे. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ चे, तेही ओवीतच.

पण टिळकांच्या शांतीची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हेही सांगायला हवे. आणि चिंतेचा विषय निघाला की आम्हाला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईच जास्त आठवतात. 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) सुरू होते ते एका भेदरलेल्या घरात. वडिलांचे सासरे १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले, त्या धसक्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुऊन घ्यायचे. लहानपणी ते वाचून आम्ही खो-खो हसलो होतो. आता वाचताना हसू अर्ध्यावर थांबते. ती भीतीच होती, पाण्याने न धुतली जाणारी. त्या घरातल्या मुलीचा नवरा धर्म सोडून जातो, काही वर्षे ताटातूट होते, मग ती त्याच्याकडे परतते तीही आपले सोवळे सांभाळत, चूल वेगळी मांडून. तिला उपदेशाने कोणी बदलले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा विचार एके दिवशी आपला आपण मनात आला आणि शिवाशिवीची भीती गळून पडली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात मीठ धुतले जाई तिथली ही बाई पुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यायली. शांती शांती म्हणतात ती हीच असावी, असे आम्हाला वाटते. फार काही दिव्य नाही, पाण्याचा पेला हातात धरता येणे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी खडतर. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८० त भाऊ. १८८२ त पती, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे झाली का शांती? नाही. त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आतली तळमळ निवायला आणखी आठ वर्षे गेली. 'अमुक एक प्रार्थना म्हणा, लगेच गुण' असे सांगणाऱ्यांनी हे आठ वर्षांचे कलम आधी वाचावे.

आणि शांत झालेली ही बाई स्वस्थ बसली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना गोळा केले, केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे प्रार्थना होत्या, तशाच विहिरी होत्या, शेती, छापखाना, तेलाचा घाणा, विणकाम. आम्हाला इंजिनियर म्हणून हे फार आवडते. पाऊस दे म्हणायचे आणि विहीरही खणायची. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सगळे बायबल मराठीत आणले, कारण आधीचे मराठी त्यांच्या आश्रमातल्या बायकांना जड जाई. म्हणजे पुन्हा तेच: रडणारीला समजेल अशी भाषा हवी. १९२१ त मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली निघाले.

इथल्या भूमीतही हीच खूण सापडते. १८१४ च्या नाताळात बे ऑफ आयलंड्समध्ये सॅम्युएल मार्सडेनने जे पहिले प्रवचन केले ते लूकमधल्या त्या वचनावर, ज्यात देवदूत आधी 'भिऊ नका' म्हणतो. आणि ऐकणाऱ्यांना ते माओरीत सांगितले रुआतारा या त्यांच्याच प्रमुखाने. संपूर्ण बायबल माओरीत १८६८ साली आले. आज आपल्यापैकी कित्येकांच्या ऑफिसात बैठकीआधी कराकिया म्हणतात. सगळे कराकिया ख्रिस्ती नसतात, पण म्हणणाऱ्याचा आवाज त्या अर्ध्या मिनिटात कसा खाली, पोटातून येतो, ते कधी ऐका.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, छाती धडधडत असेल, तर डॉक्टरकडे जा. १७३७ हा नंबर चोवीस तास आहे, फोन करा की मेसेज, पैसे पडत नाहीत. कोणी म्हणेल की तुमची प्रार्थना कमी पडते. त्याचे ऐकू नका. मावशींनी काकांच्या गोळ्यांसाठी प्रार्थना केली, त्या गोळ्या बंद केल्या नाहीत.

आता हे सगळे या अंकात का, ते सांगतो. आषाढीच्या भजनसंध्येसाठी नावे आली त्यात मावशींच्या सुनेचे नाव होते, टिळकांच्या अभंगासाठी. कार्यकारिणीत एकाने विचारले, विठ्ठलाच्या कार्यक्रमात हे कसे? दुसऱ्याने जरा हळू आवाजात विचारले, उद्या पत्रके वाटायला लागले तर? दुसरा प्रश्न अगदीच पोकळ नाही. नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या मुलांच्या दारात गोड बोलत येणारी माणसे आम्हीही पाहिली आहेत, आणि कोणाच्या एकटेपणाचा असा उपयोग करणे आम्हाला मुळीच पसंत नाही. पण म्हणून पिठलं-भाकरी खाऊ घालणाऱ्या घराला दारात उभे करायचे? फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही विरोध झाला होताच; संमेलन झाले, आणि मराठी आहे तिथेच आहे. बाय द वे, मराठी ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात. आपल्या मंडळाला त्याचे वावडे असू नये.

बरीच चर्चा होऊन अखेर नाव पक्के झाले. तुकारामांच्या अभंगानंतर लगेच टिळकांचा, म्हणजे पेटीवाल्याला पट्टी बदलायला नको. तबल्याला मात्र अजून माणूस मिळालेला नाही. कोणाच्या ओळखीत असल्यास चिटणिसांना लवकर कळवावे. आणि हॉलमधले हीटर भरवशाचे नाहीत, तेव्हा शाली आणाव्यात.