पुरी न झालेली गोधडी

मराठी कवितेत गोधडी येते ती बहुधा पुरी होऊनच येते. ती आईच्या नाहीतर आजीच्या लुगड्याची असते, उबदार असते, आणि तिच्या तुकड्यातुकड्यांतून घराण्याच्या आठवणी बोलत असतात. ती शिवायला किती महिने लागले, मध्ये किती वेळा ती गुंडाळून माळ्यावर गेली, याची वार्ता कवितेत सहसा नसते. आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात गेली १८ वर्षे मराठी शिकवतो आहोत आणि 'गोधडी हे मायेचे प्रतीक आहे' हे वाक्य दोघींनी मिळून शे-दोनशे वेळा तरी वर्गात उच्चारले असेल. गेली सहा वर्षे आम्ही गोधड्या शिवतोही. आधी मैत्रिणींसाठी शिवत होतो, आता गिऱ्हाइकांसाठीही शिवतो. या दुसऱ्या उद्योगापायी पहिल्या उद्योगातले ते वाक्य आम्हांस पूर्वीइतके सहज उच्चारवत नाही.

कारण सांगण्यापूर्वी थोडे कामाविषयी. जुनी सुती लुगडी धुऊन, सुरकुत्या काढून जमिनीवर एकावर एक अंथरायची. चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचे (आमच्याकडे दोन पितळी तांबे आणि विश्वकोशाचे दोन खंड असतात, खंडांचा असाही उपयोग होतो). मग लांब टाक्यांनी सारे थर टाचून घ्यायचे आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकटीच्या आत चौकट करीत मध्याकडे यायचे. कापडाचा झोळ हाताने पुढे सरकवत न्यावा लागतो; नाहीतर तो मधोमध फुगा होऊन बसतो आणि बरेचसे उसवावे लागते. एका माणसाच्या गोधडीला आमचे ७० ते ८० तास जातात.

जिकिरीचे काम खरे तर यानंतरचे. कडेला गोट लावायचा, गाठी थरांच्या आत दडवायच्या, टाचलेले दोरे एकेक ओढून काढायचे, कोपरे बसवायचे, धुऊन उन्हात टाकायची, वाळल्यावर सुटलेले टाके पुन्हा धरायचे. रंग जुळवण्याचा आनंद केव्हाच ओसरलेला असतो, पाहणाऱ्याला तर गोधडी झालेलीच दिसते. म्हणून हे काम मागे पडते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांनी यावर आपल्या परीने तोड काढली आहे असे म्हणावे लागेल. आफ्रिकी वंशाच्या या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज अमलातील गोव्यातून तिकडे गेले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात, आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली त्रिकोणी 'फुलं' असतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली, असे तेथे मानतात. शेवटालाच शोभेचे स्थान दिल्यामुळे शेवट टाळता येत नाही. ही फुले आम्ही त्यांच्याकडूनच उचलली आहेत.

चार वर्षांपूर्वी आमची एक मैत्रीण आईची पाच लुगडी घेऊन आली. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि वडिलांना थंडीत पांघरायला त्यांची गोधडी करून हवी होती. तिने पैशांचे विचारले. आम्ही दुखावल्याचा आविर्भाव केला. 'तुझ्याकडून पैसे घ्यायचे का गं आता?' असे काहीसे बोललोही. दोन महिन्यांत धावदोरा मध्यापर्यंत पोहोचला. मग दिवाळीची गिऱ्हाइके आली. त्यांनी आगाऊ रक्कम दिली होती, तारखा ठरल्या होत्या. त्यानंतर उत्तरपत्रिका आल्या, मग नॅकची समिती आली. मैत्रिणीची गोधडी गोटाविना कपाटावर पडून राहिली. मैत्रीण अधूनमधून येई, चहा घेई, कपाटाकडे तिची नजर जात असणारच, पण तिने एकदाही विचारले नाही. फुकट मिळायच्या वस्तूसाठी तगादा कसा लावायचा? पहिला हिवाळा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, तिचे वडील गेले. त्यांचे तेरावे झाल्यावर आम्ही गोधडी खाली काढली. राहिलेले काम अवघ्या ११ संध्याकाळचे होते. मधल्या काळात गिऱ्हाइकांच्या नऊ गोधड्या आम्ही ठरल्या दिवशी पोहोचत्या केल्या होत्या. आमच्या वहीत तशी नोंद आहे.

त्या वहीकडे पाहून जे मत बनले ते आम्ही येथे मांडत आहोत. मायेने केलेल्या गोधडीला किंमत नसते हे आम्ही कौतुकाने म्हणत आलो. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की तिला तारीख नव्हती, आणि जिची ती होती तिला ती मागण्याचा हक्क नव्हता. जिच्यावर आमची माया होती तिच्याहून परक्या गिऱ्हाइकाचा मान आम्ही अधिक राखला.

मोल घेऊन गोधडी शिवणे हे काही आजच्या बाजाराचे खूळ नव्हे. आमच्या लहानपणी गल्लीत हाळी देत बाया येत. घरोघरची जुनेरी घेऊन अंगणात बसत आणि वाकळ शिवून देत. मजुरी आधी ठरे, वर चहा-भाकरी मिळे, आणि दोन-तीन दिवसांत वाकळ पुरी होई. त्या वाकळींखाली आम्ही झोपलो आहोत. त्यांची ऊब आजीच्या गोधडीपेक्षा कमी होती असे आठवत नाही. त्या बायांची कविता मात्र आम्हांस कधी शिकवावी लागली नाही. नामदेवांच्या पदांतील गज-कातरीची रूपके आम्ही रंगून उलगडतो. शिलाईचे मोल हा विषय काही त्या तासाला निघत नाही.

समीक्षेचा हा कल आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, गीज बेंड आणि आसपासच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था उभी केली. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून माणसे घरांतून हुसकली जात होती, त्या दिवसांत गोधड्यांच्या विक्रीने या स्त्रियांच्या हाती स्वतःचा पैसा आला. मोठ्या दुकानांना एकसारखे नमुने आणि नेटके टाके हवे असत, ते त्यांनी दिले. पुढे २००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कमधील व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या. तेव्हा वाखाणणी झाली ती मुख्यतः घरासाठी, जुन्या कामाच्या कपड्यांतून, मनास येईल तशा शिवलेल्या गोधड्यांची. ती वाखाणणी रास्तच होती. गिऱ्हाईक हात बांधते हे आम्हीही अनुभवतो; आजीचे जांभळे लुगडे सोफ्याच्या रंगाशी जुळत नाही म्हणून आतल्या थरात घाला, असे सांगणारे भेटतात. तरीही विकलेली ती कारागिरी आणि न विकलेली ती कला, ही वाटणी आम्हांस पटत नाही. दुकानासाठी नेटका टाका घालणारी स्त्री अनेकदा तीच होती.

आमच्या इंग्रजी विभागातील सहकारी सुझन ग्लास्पेलची 'ट्रायफल्स' (१९१६) ही एकांकिका शिकवतात. नवऱ्याच्या खुनाचा संशय असलेल्या स्त्रीच्या घरात दोन स्त्रियांना अर्धवट गोधडीचे तुकडे सापडतात. ही गोधडी ती सर्वभर टाके घालून पुरी करणार होती की नुसत्या गाठी मारून, असा प्रश्न त्यांना पडतो, आणि तपासाला आलेले पुरुष त्यावर हसतात. एका तुकड्याचे टाके अचानक वेडेवाकडे झालेले दिसतात. दोघींपैकी एक ते उसवून नीट घालू लागते. हे सारे प्रतीक म्हणून समजावून देणे सोपे आहे, आम्हीही कधी काळी एका चर्चासत्रात तसे केले. आता वाटते की तो प्रश्न आधी अगदी धंद्यातला प्रश्न आहे. गाठी मारल्या तर काम लवकर उरकते, टाके घालायचे तर अनेक दिवस हवेत. त्या घरातल्या बाईकडे किती दिवस होते हे त्यावरून कळते. पुरुष हसतात, कारण त्यांना त्या दिवसांचा हिशेब ठाऊक नाही.

हे बोलून दाखवल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, 'म्हणजे बाई, आता मैत्रीतही पावती फाडणार का तुम्ही?' फाडतो. एका गोधडीचे आम्ही ६,००० रुपये घेतो. ८० तास धरले तर तासाला ७५ रुपये पडतात. आम्ही दोघींनी उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत, त्यामुळे तासाचे मोल ठरवणाऱ्याची आणि ते निमूट घेणाऱ्याची, दोघांचीही मनःस्थिती आम्हांस ठाऊक आहे. त्या वर्षांत 'तुम्ही विद्यादानाचे पवित्र कार्य करता' असे सर्वांत जास्त वेळा आम्हांस कोणी ऐकवले, ते सांगायला नको.

वडिलांसाठीची ती गोधडी मैत्रिणीने नेली. आमच्यासमोर तिने घडी उलगडली नाही. या वर्षी नवरात्रात ती पुन्हा आली. उरलेले दीड लुगडे आणि वडिलांची दोन धोतरे घेऊन. या वेळी तिने किंमत विचारली तेव्हा आम्ही ६,००० सांगितले, काही कमी केले नाही, आणि २,००० आगाऊ घेतले. वहीत तारीख घातली आहे १५ डिसेंबर. गोट लावून झाला आहे, तीन कोपऱ्यांवर फुले बसली आहेत, चौथे येत्या रविवारी. परवा तिचा फोन आला होता, 'झाली का गं?' म्हणून.